गर्भाशयातला पडदा काढला, आता पुढे काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३१ वर्षांच्या असून पुण्यात नोकरी करतात. गेल्या दोन वर्षांत त्यांचे दोन गर्भपात झाले, एक नवव्या आठवड्यात आणि दुसरा अकराव्या. त्यानंतरच्या तपासण्यांत गर्भाशयाच्या पोकळीत मधोमध पडदा असल्याचे आढळले आणि चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून तो कापण्यात आला. 'आता सगळे ठीक आहे, प्रयत्न सुरू करा,' असे डॉक्टर म्हणतात. मात्र या शस्त्रक्रियेचा काही उपयोग होत नाही असे इंटरनेटवर वाचल्यापासून आपली फसवणूक झाली की काय, अशी शंका त्यांना सतावते. सासूबाईंचे म्हणणे असे की पिशवीला हात लागलेला आहे, तेव्हा वर्षभर थांबावे, दिवस गेल्यावर नऊ महिने झोपून राहावे, पिशवीच्या तोंडाला टाका घालून घ्यावा आणि सिझेरियनच करावे. पहिले बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी, तालुक्याच्या गावी जायचे आहे. हा दोष माहेरूनच आलेला असणार, असेही एका नातेवाइकांनी बोलून दाखवले. त्या विचारतात, 'या वेळी बाळ टिकेल का? आणि तिसऱ्यांदाही तसेच झाले तर मी काय समजायचे?'

नमस्कार,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमच्या वयाच्या आणि तुमच्यासारखा पूर्वेतिहास असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची पुढची गर्भधारणा व्यवस्थित पार पडते, त्यामुळे आशा बाळगायला भक्कम आधार आहे. हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही, आणि 'आता सगळे ठीक आहे' या वाक्याचा अर्थ हमी असा घेऊ नये. तुमच्या पत्रात दोन उलट टोकांची मते शेजारीशेजारी आली आहेत. एका मतानुसार शस्त्रक्रियेने सारा प्रश्न सुटला, तर दुसऱ्यानुसार ती वायाच गेली. ही दोन्ही मते एकाच गृहीतकावर उभी आहेत, ते म्हणजे तुमचे दोन्ही गर्भपात पडद्यामुळेच झाले. ते तसे झाले असतीलही, पण कोणी सिद्ध केलेले नाही. गर्भपातानंतर तपासणीत पडदा सापडला, एवढेच आपल्याला निश्चित माहीत आहे.

हा पडदा येतो कुठून, हे नातेवाइकांच्या शेऱ्यामुळे आधी सांगायला हवे. मुलगी आईच्या पोटात असताना तिचे गर्भाशय दोन नळ्या एकमेकींना जुळून तयार होते, आणि जुळल्यावर त्यांच्यामधली भिंत विरघळून एक सलग पोकळी उरते. हे काम जन्मापूर्वीच, साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत पुरे होते. ते अर्धवट राहिले तर भिंतीचा काही भाग पडद्याच्या रूपाने शिल्लक राहतो. तुमचे खाणे, व्यायाम, नोकरी, पाळीच्या गोळ्या किंवा लग्नाचे वय यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. बहुतेक कुटुंबांत तो आईकडून मुलीकडे आल्याचेही दिसत नाही, त्यामुळे माहेरला बोल लावण्यात अर्थ नाही. गर्भाशयाच्या रचनेत काही ना काही जन्मजात वेगळेपण शंभरात पाच-सहा स्त्रियांमध्ये आढळते, आणि त्यांतल्या कित्येकींना मुले होऊन गेली तरी ते कळतही नाही. एक छोटी गोष्ट मात्र करून घ्यावी. मूत्रपिंडे गर्भाशयाच्याच सुमारास आणि त्याच्याच शेजारी घडत असल्यामुळे अशा स्त्रियांत कधी कधी एकच मूत्रपिंड असते. पोटाच्या सोनोग्राफीत तुमची दोन्ही मूत्रपिंडे पाहिली गेली आहेत का, हे जुन्या रिपोर्टमध्ये तपासा.

आता फसवणुकीच्या शंकेकडे वळू. तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २०२१ साली प्रसिद्ध झालेली 'ट्रस्ट' ही चाचणी असावी. नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून झालेल्या या चाचणीत गर्भाशयात पडदा असलेल्या आणि गर्भपात, वंध्यत्व किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती असा इतिहास असलेल्या ८० स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या गटाची केली नाही. पुढच्या वर्षभरात राहिलेल्या गर्भांतून शस्त्रक्रियेच्या गटातील ३९ पैकी १२ जणींना, तर शस्त्रक्रिया न झालेल्या ४० पैकी १४ जणींना जिवंत बाळ झाले. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. पण एवढ्या स्त्रिया गोळा करायलाही २०१० ते २०१८ इतका काळ लागला, आणि ८० ही संख्या मधल्या आकाराचा फायदा किंवा तोटा पकडायला अपुरी आहे. या चाचणीतून 'उपयोग होतो हे सिद्ध झालेले नाही' एवढे म्हणता येते. 'उपयोग होत नाही हे सिद्ध झाले' असे म्हणणे म्हणजे तिच्या तोंडी नसलेले शब्द घालणे होय.

याच्या उलट बाजूला जुनी, मोठी आणि फार आकर्षक आकडेवारी आहे, आणि तुमच्या डॉक्टरांचा विश्वास बहुधा तिच्यावर आहे. २००० साली अनेक लहान अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या १,०६२ गर्भधारणांपैकी ८८ टक्के गर्भपातात संपल्या होत्या, तर शस्त्रक्रियेनंतरच्या ४९१ गर्भधारणांत हे प्रमाण १४ टक्के होते आणि ८० टक्के पूर्ण दिवसांच्या प्रसूती झाल्या होत्या. हे वाचून कोणालाही वाटेल की यापुढे वाद कसला? पण ज्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झाली, त्यांची निवडच मुळी गर्भपात झाले म्हणून झालेली होती. साहजिकच त्यांचा 'पूर्वीचा' आकडा वाईट असणार. परीक्षेत नापास झालेलीच मुले निवडून त्यांना शिकवणी लावली, तर पुढच्या परीक्षेत त्यांतली बरीच पास होतात, आणि शिकवणी लावली नसती तरी त्यांतली काही पास झालीच असती. त्यांतला शिकवणीचा वाटा किती, हे शिकवणी न लावलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. कारण न सापडलेल्या लागोपाठच्या गर्भपातांनंतरही, कोणतीही शस्त्रक्रिया न करता, बहुसंख्य स्त्रियांना पुढे बाळ होते. म्हणून 'आधी आणि नंतर' अशा आकड्यांतून शस्त्रक्रियेचे श्रेय नेमके मोजता येत नाही.

मग तुमच्या डॉक्टरांनी चूक केली का? मला तसे वाटत नाही. दोन गर्भपात आणि खोलवर आलेला स्पष्ट पडदा असताना दुर्बिणीने तो कापण्याचा सल्ला जगभरातले अनुभवी डॉक्टर आजही देतात, आणि न कापता वाट पाहण्याचा सल्ला देणारेही तितकेच जबाबदार डॉक्टर आहेत. तुमच्यासमोर हे दोन्ही पर्याय ठेवायला हवे होते. ते ठेवले गेले नसतील तर तुमची तक्रार रास्त आहे, पण ती संवादाबद्दलची तक्रार आहे. या सदराच्या ज्या वाचकांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, त्यांनी मात्र थांबून दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हा खरोखर पडदाच आहे का? एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे, फक्त आतली पोकळी दाखवतो. आत पडदा असलेले गर्भाशय आणि वरून खोलगट, दोन शिंगांचे गर्भाशय त्यात एकसारखे दिसू शकते. दुसऱ्या प्रकारात दुर्बिणीने आतून कापत गेले तर गर्भाशयाला भोकच पडेल. हा फरक बाहेरचा आकार पाहिल्यावरच कळतो, आणि त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. दुसरी, पडदा किती खोल आहे? युरोपीय आणि अमेरिकी संस्थांचे मोजण्याचे निकष वेगवेगळे आहेत आणि युरोपीय निकष लावला तर पडद्याचे निदान पुष्कळ जास्त स्त्रियांत होते. अमेरिकी व्याख्येत साधारण एक सेंटिमीटरहून अधिक खोली आणि टोकाशी ९० अंशांपेक्षा कमी कोन अपेक्षित असतो. पोकळीच्या वरच्या कडेला नुसता हलका बाक असेल, तर तो कापून घेण्याची घाई करू नये.

तुमच्या बाबतीत पडद्याबरोबर बाकीची कारणे शोधली गेली का, हे पत्रावरून कळत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि त्या दोषाला गर्भाशयाचा आकार जबाबदार नसतो. त्याखेरीज थायरॉइड, मधुमेह आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रतिपिंडे) यांच्या तपासण्या व्हायला हव्यात. यांतली शेवटची तपासणी महत्त्वाची आहे, कारण तिच्यात दोष आढळल्यास ॲस्पिरिन आणि हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा उपचार उपलब्ध आहे. ती एकदा पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तरच निदान पक्के होते. या तपासण्या राहून गेल्या असतील तर प्रयत्न सुरू करण्याआधीच करून घ्या. पडदा सापडला की शोध तिथेच थांबतो, असे फार वेळा घडते. फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करायला हरकत नाही.

वर्षभर थांबण्याची गरज नाही. दुर्बिणीने पडदा कापल्यावर आतली जागा साधारण दोन महिन्यांत भरून येते आणि तुमचे चार महिने झालेले आहेत. त्याआधी एकच खात्री करून घ्यावी, की आत जाळी किंवा चिकटलेले भाग तयार झालेले नाहीत आणि मोठा पडदा शिल्लक नाही. पाळीनंतर केलेल्या थ्रीडी सोनोग्राफीत हे बहुधा कळते, शंका राहिल्यास दुर्बिणीने पुन्हा पाहता येते. शिल्लक भाग एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तो तसाच राहू द्यावा. शस्त्रक्रियेनंतर तुमची पाळी पूर्वीपेक्षा एकदम कमी झाली असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा.

सिझेरियनबद्दलचा समज सासूबाईंच्या पिढीत उगाच आलेला नाही. पूर्वी गर्भाशयाची ही शस्त्रक्रिया पोट उघडून व्हायची. गर्भाशयाची भिंत बाहेरून आतपर्यंत कापून पुन्हा शिवली जायची, आणि अशा भिंतीवर कळांचा ताण नको म्हणून पुढचे प्रत्येक बाळंतपण सिझेरियनने करत. तुमच्या शस्त्रक्रियेत योनीमार्गाने दुर्बीण आत जाऊन फक्त पोकळीतला पडदा कापला गेला. भिंत कापली गेली नाही आणि टाकेही पडले नाहीत. असे असल्यास केवळ त्या शस्त्रक्रियेमुळे सिझेरियन करावे लागत नाही, कळा येऊन नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. मात्र यातला 'असे असल्यास' हा भाग तुम्ही कागदावर वाचून ठरवायचा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुढच्या गरोदरपणात गर्भाशय फाटण्याच्या घटना अत्यंत दुर्मीळ असल्या तरी घडलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच स्त्रियांत शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयाला छिद्र पडलेले होते किंवा विजेच्या उपकरणाने भिंतीच्या स्नायूत खोलवर काप गेलेला होता.

म्हणून रुग्णालयाकडून डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या. ती मागणे हा तुमचा हक्क आहे. पडदा किती लांब होता, कात्रीने कापला की विजेच्या उपकरणाने, भिंतीला इजा किंवा छिद्र झाले का, जोडीला लॅप्रोस्कोपी करून, म्हणजे पोटातून दुर्बीण घालून, गर्भाशय बाहेरून पाहिले होते का आणि शेवटी पोकळी कशी दिसली, एवढे त्यात असायला हवे. प्रसूती कशी व्हावी, कळा आणण्याची औषधे द्यावीत का आणि कळांच्या वेळी देखरेख किती कडक हवी, हे त्या पानावरून ठरते. तुमची प्रसूती दुसऱ्याच डॉक्टरांच्या हातून होणार असेल, तर त्यांना हे पान पहिल्याच भेटीत दाखवा. ते न पाहता कोणी 'पिशवीची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणजे सिझरच' असे म्हणाले, तर शांतपणे कारण विचारा.

नऊ महिने झोपून राहण्याने गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते, याला पुरावा नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू कमजोर होतात आणि दिवसभर भिंतीकडे पाहत काळजी करण्यापलीकडे काही उरत नाही. तुम्ही ऑफिसला जा, चाला, घरातली नेहमीची कामे करा. टाक्याबद्दलही तेच. गर्भाशयाला पडदा होता, एवढ्यावरून तोंडाला टाका घालण्याचे कारण निर्माण होत नाही. त्याऐवजी अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास त्याआधीपासून, योनीमार्गाने गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजावी. चोविसाव्या आठवड्याच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्याचे दिसले, तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा किंवा टाक्याचा विचार करता येतो.

त्याच सोनोग्राफीत वार कुठे आणि कशी चिकटलेली आहे, हे नीट पाहायला सांगा, कारण गर्भाशयाच्या आत शस्त्रक्रिया झालेली असल्यास वार घट्ट रुतण्याची किंवा प्रसूतीनंतर सुटून न येण्याची शक्यता थोडी वाढते. अशा गर्भाशयात बाळ पायाळू असण्याचे प्रमाणही जास्त असते. पडदा कापल्यावर ते कमी होते की नाही, याबद्दल अभ्यासांचे एकमत नाही, तेव्हा छत्तीसाव्या आठवड्याला बाळाचे डोके खाली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रसूतींत सिझेरियनचे प्रमाण जास्त दिसते, त्याचे एक कारण पायाळू बाळे हे आहे आणि दुसरे कारण डॉक्टरांची अतिरिक्त खबरदारी. ही खबरदारी अनेकदा समजण्यासारखी असते. 'मौल्यवान गर्भ' असे लिहिलेल्या फाइलवर जोखीम घ्यायला कोणालाच आवडत नाही, पण आपला गर्भ मौल्यवान नाही असे कोणत्या आईला वाटते?

तिसऱ्यांदा गर्भपात झाला तर काय समजायचे, हा प्रश्न टाळून चालणार नाही. तसे झाले, तर शस्त्रक्रिया फसली किंवा आपले शरीर आई होण्यास लायक नाही, यांतला एकही निष्कर्ष आपोआप निघत नाही. त्या वेळी गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. त्यासाठी नमुना फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावणात पाठवावा लागतो, आणि घाईत नेमके हेच विसरले जाते. म्हणून दिवस गेल्यावर हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. दोष गुणसूत्रांत निघाला तर गर्भाशयाला दोष देण्याचे कारण उरत नाही, न निघाला तर पुढच्या तपासणीला दिशा मिळते. जाता जाता एक सांगते, कारण पत्रात तुम्ही दुसऱ्या गर्भपातानंतर चौथ्या दिवशी कामावर गेल्याचे लिहिले आहे. मातृत्व लाभाच्या कायद्याने ज्या आस्थापनांना बांधील धरले आहे, तिथे काम करणाऱ्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळण्याची तरतूद आहे. डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. ही रजा ना तुम्हाला कोणी सांगितली, ना तुम्ही मागितली.

माहेरच्या बाळंतपणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गर्भाशयाच्या रचनेत दोष असलेल्या स्त्रियांत बाळ अपुऱ्या दिवसांत जन्मण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणे नाहीशी होते असे गृहीत धरता येत नाही. सातवा महिना, म्हणजे डोहाळजेवण आटोपून मुलीला माहेरी नेण्याचा काळ, हाच अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीच्या दृष्टीने सर्वांत सांभाळण्याचा असतो. त्या वेळी नवजात अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ जवळ असणे गरजेचे आहे. तालुक्याच्या गावी हे तिन्ही असेल तर जरूर जा, जाताना शस्त्रक्रियेची नोंद आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना सहाव्या महिन्यातच एकदा भेटून या. यांतले एकही कमी असेल, तर तुमच्या आईने सातव्या महिन्यापासून पुण्यात येऊन राहावे आणि बाळंतपणानंतर दोघींनी बाळाला घेऊन गावी जावे. पाणी जाणे, अंगावर रक्त जाणे, ठरावीक अंतराने पोट कडक होणे किंवा पोटात सतत तीव्र दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आहे, आणि हे सासूबाई, आई आणि यजमान या तिघांनाही ठाऊक असायला हवे.